कोडगूची गौरम्मा ‘बिघडलेली’ होती का?

केतकी_पान
गौरम्मावरचा तो लेख परवापासून फिरतोय. सार असं की व्हिक्टोरिया राणीने कोडगूच्या राजकन्येला पोटच्या मुलीसारखं वाढवलं, पण ही हट्टी पोरगी घरातल्या नोकराबरोबर पळून जायला निघाली. वैभवात बिघडलेलं पोर. वाचून अंगाचा तिळपापड झाला.

तिचा बाप, कोडगूचा (कूर्गचा) पदच्युत राजा चिक्क वीरराजेंद्र, तिला लंडनला घेऊन गेला १८५२ मध्ये. ती अकरा वर्षांची होती. जन्म बनारसचा, कारण राज्य १८३४ मध्येच गेलं होतं आणि बाप तिथे कंपनीच्या पहाऱ्यात दिवस काढत होता. लंडनला पोचल्या वर्षीच बकिंगहॅम पॅलेसमध्ये तिचा बाप्तिस्मा झाला. विधी कँटरबरीच्या आर्चबिशपने केला, धर्ममाता खुद्द राणी, आणि नाव ठेवलं व्हिक्टोरिया. मग तिला बापापासून दूर इंग्रज कुटुंबांत ठेवलं. एक घर झालं की दुसरं. अशा मुलीने वयाच्या सोळाव्या-सतराव्या वर्षी बटलरच्या हाताखालच्या पोरावर जीव टाकला, तर ती बिघडली? त्या घरात तिच्याशी साधं बोलणारा तोच असेल, असं कोणाच्या मनात कसं येत नाही?

जुना_वाचक
केतकीताई, कळवळा समजतो, पण बापाला सोडून देऊ नका. मुलगी इंग्रजांनी पळवून नेली नव्हती, बापाने हाताला धरून नेली. कंपनीने त्याचा पैसा अडकवून ठेवला होता, तो सोडवायला त्याला दावा लावायचा होता. राजघराण्याची मर्जी हवी होती, त्यासाठी पोरीचा धर्म दिला. आणि हा माणूस काही गरीब गाय नव्हता. सख्खी बहीण देवम्माजी नवऱ्यासह जीव मुठीत धरून इंग्रजांच्या आश्रयाला पळाली होती. राणीवर तुटून पडायच्या आधी घरात बघा.

रानवाट
राणीबद्दल हळवं होणाऱ्यांनी पंजाबच्या पोरवयातल्या महाराजाचं, दुलीपसिंगाचं आठवावं. पंजाब १८४९ मध्ये गिळला, पोराला आईपासून तोडलं, ख्रिस्ती केलं, आणि १८५४ मध्ये त्याच्याच हातात कोहिनूर ठेवून विचारलं, आवडला का. याच राणीच्या मनात या दोघांचं लग्न लावायचं होतं. दोन उपटलेली रोपं एका कुंडीत. दुलीपने नकार दिला, ते शहाणपणच.

जुना_वाचक
कोहिनूर आला! प्रत्येक धाग्यावर येतो. विषय गौरम्मा आहे.

पाणवठा
बाकी काही माहीत नाही, पण ‘एका घरातून दुसऱ्या घरात’ वाचून थांबता आलं नाही. मला सातव्या वर्षी नामांकित वसतिगृहात टाकलं. घरी पैसा होता, माणसं होती, भांडण नव्हतं. ‘चांगलं वळण लागेल’ एवढंच कारण. तिथल्या स्वयंपाकघरात एक मावशी होत्या. उरलेली साय वाटीत ठेवायच्या आणि माझं नाव घेऊन हाक मारायच्या. बाकी सगळे आडनावाने. त्या मावशींनी ‘चल माझ्याबरोबर’ म्हटलं असतं तर मी चप्पल न घालता निघालो असतो. गौरम्माचा तो नोकर मला पूर्ण कळतो.

शिस्तप्रिय
आमच्या घरातली तीनही मुलं वसतिगृहात शिकली. स्वतःची कामं स्वतः करतात, पैशाची किंमत कळते. आजकाल आईबापांना दोषी ठरवायची फॅशन झाली आहे. सायीच्या वाटीवरून आयुष्यभर रडायचं म्हणजे कमाल आहे.

पाणवठा
शिस्तप्रिय, तुमच्या मुलांना विचारलंत का कधी? तुमच्यासमोर नाही, एकटं असताना?

शिस्तप्रिय
माझ्या मुलांवर बोलू नका. सांभाळून लिहा.

केतकी_पान
दोघंही थांबा. पण पाणवठा, तुमचा मुद्दा मी घेते.

सावली_दुपारची
मी वसतिगृहावर बोलणारच. बारा वर्षं तिथे मुली सांभाळल्या आहेत. सगळ्या श्रीमंत घरच्या. ज्यांना आम्ही वहीत ‘त्रासदायक’ लिहायचो, त्यातल्या बहुतेकींना सुट्टीत घरी न्यायला ड्रायव्हर यायचा, आईवडील नाही. एकीने तर आजारी पडायचं तंत्रच शिकून घेतलं होतं, कारण ताप आला की आई येते हे तिला कळलं होतं. आम्ही लिहिलं, ‘खोटं बोलते’. मीच लिहिलंय ते, माझ्या हाताने. शिस्तप्रिय, तुमची मुलं खरंच सुखात असतील, मी नाही म्हणत नाही. पण वसतिगृहाने वळण लागतं हे सरसकट म्हणू नका.

आणि मूळ विषयाचं सांगते. गौरम्मा चंचल, हट्टी, खोटारडी, हे आपल्याला कोणाकडून कळतं? तिला सांभाळणाऱ्यांकडून. माझ्या वहीसारखंच. तिला सांभाळणाऱ्या लेडी लॉगिनच्या आठवणी १९१६ मध्ये छापल्या गेल्या, तेव्हा गौरम्मा जाऊन बावन्न वर्षं झाली होती. तिची बाजू सांगायला कोण होतं?

जुना_वाचक
हा मुद्दा मात्र बिनतोड आहे. स्रोत एकतर्फी आहेत, कबूल. तरी लॉगिन मंडळींनी तिचं लग्न लावून दिलं, मूल झालं, संसार झाला. सगळंच काळं रंगवू नये.

रानवाट
लग्न! १८६० मध्ये कर्नल कॅम्पबेलशी. हा लेडी लॉगिनचा सख्खा भाऊ, विधुर, पदरी मुलं, वय पन्नाशीच्या आसपास. ही एकोणीस वर्षांची. आदल्या वर्षी बाप गेलेला. तिचे दागिने, तिचा पैसा, आणि सांभाळणाऱ्या बाईचाच भाऊ नवरा. आपल्याकडे एखाद्या चुलत्याने पोरक्या पुतणीचं स्थळ बायकोच्या भावाशी जमवलं असतं तर गाव काय म्हणालं असतं? १८६१ मध्ये मुलगी झाली, आणि १८६४ मध्ये क्षयाने गौरम्मा गेली. तेविसाव्या वर्षी. पुढे कर्नल तिच्या दागिन्यांसकट नाहीसा झाला. याला तुम्ही संसार म्हणता?

जुना_वाचक
कॅम्पबेल लेडी लॉगिनचाच भाऊ, हे माझ्या ध्यानात नव्हतं. शब्द मागे घेतो. बापाबद्दलचा घेत नाही.

केतकी_पान
बापाबद्दल मीही कुठे भांडते? त्याने मुलगी डावावर लावली, हे मलाही मान्य करावं लागतंय, आणि आवडत नसूनही मान्य करतेय. पण डाव मांडणारे दोघे होते. एकाला पैसा हवा होता, दुसऱ्याला हिंदुस्थानातलं पहिलं ख्रिस्ती राजघराणं उभं करून दाखवायचं होतं. त्या पोरीला काय हवं होतं, हे नोकराबरोबर पळायचा बेत केला तेव्हाच तिने एकदा दाखवलं. त्यालाच लेखकाने बिघडणं म्हटलं.

शिस्तप्रिय
कालपासून धागा परत परत वाचतोय. धाकट्याला फोन केला होता. तो म्हणाला, पहिल्या वर्षी रोज रात्री उशीखाली आईची ओढणी ठेवायचो. आम्हाला हे कधीच माहीत नव्हतं. माझं मत बदललं आहे असं समजू नका. पण पाणवठा, सायीवरून जे बोललो ते बोलायला नको होतं.

पाणवठा
ठीक आहे. ओढणीचं आईला सांगितलंत का?

शिस्तप्रिय
अजून नाही.