विक्षिप्त, तऱ्हेवाईक की आणखी काही? कोलंबोच्या चित्राखाली काय लिहू?

प्रश्न

मी हौसेनं चित्रं काढते. सध्या लेफ्टनंट कोलंबोचं जलरंगातलं चित्र संपत आलंय. चुरगळलेला रेनकोट, बोटांत सिगार, आणि दारापर्यंत जाऊन परत मागे वळलेला तो. "अजून एकच गोष्ट विचारायची राहिली," म्हणतानाचा क्षण पकडायचा प्रयत्न आहे.

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात : अमेरिकन मालिका, कोलंबो लॉस एंजेलिसच्या पोलिसांत. पीटर फॉकनं ही भूमिका १९६८ ते २००३ अशी केली. खून कोणी केला ते बहुतेक वेळा सुरुवातीलाच दाखवून टाकतात, मजा असते ती हा माणूस खुन्याला कसा घोळात घेतो ते बघण्यात. (घरी "कोलंबो काढतेय" म्हटल्यावर सासूबाईंनी चित्र निरखून विचारलं, "समुद्र कुठाय?")

खाली मराठीत एक ओळ हवी म्हणून "विक्षिप्त गुप्तहेर" लिहिलं. दिल्लीत वाढलेली मैत्रीण म्हणाली, "का गं, वेडा आहे का तो?" तेव्हापासून शब्द खटकतोय. एक्सेंट्रिकला नेमकं काय म्हणावं? आणि फॅन आर्टला मराठीत काही आहे का?

प्रतिसाद

तुमची मैत्रीण चूक नाही. हिंदीत विक्षिप्त म्हणजे डोक्यावर परिणाम झालेला. मराठीत शब्द तोच, पण तो इतका लांब गेला नाही. मूळ धातू क्षिप्, म्हणजे फेकणे. प्रक्षेपण, निक्षेप, संक्षेप ही सगळी त्याचीच भावंडं. विक्षिप्त म्हणजे इकडेतिकडे फेकलेलं, विखुरलेलं. योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात चित्ताच्या पाच भूमी सांगितल्या आहेत : क्षिप्त, मूढ, विक्षिप्त, एकाग्र, निरुद्ध. यात विक्षिप्त मधोमध बसतो. मन मध्येच स्थिर होतं, मध्येच ढळतं. म्हणजे वेडाच्या जवळ नव्हे, एकाग्रतेच्या अलीकडच्या पायरीवर!

पण मराठी वापरात त्याला एक काटा आहे. विक्षिप्त माणसाचा इतरांना त्रास होतो. आमच्या सोसायटीतले एक आजोबा पेपरची घडी मोडलेली असली तर पेपर परत पाठवतात. त्यांना विक्षिप्त म्हणतात. शेरलॉक होम्सला शोभेल, भिंतीवर गोळ्या झाडून व्हिक्टोरिया राणीची आद्याक्षरं काढणारा माणूस तो. कोलंबोचा त्रास खुनी सोडून कोणाला होतो?

प्रतिसाद

तऱ्हेवाईक घ्या. अरबी-फारसीतून आलेल्या 'तऱ्हा'वरून. "एकेक तऱ्हा!" म्हणताना आपण हसत असतो, चिडलेले नसतो. आमच्या पिढीचा तऱ्हेवाईक म्हणजे दूरदर्शनवरच्या मालिकेतला हेर करमचंद, १९८५. पंकज कपूर, काळा चष्मा, कराकरा चावलेलं गाजर आणि सहायिकेला दटावणारं "शट अप किटी". माझ्या शाळेच्या वहीच्या मागच्या पानावर त्याची डझनभर चित्रं होती. नाक जमायचं नाही, पण गाजर काढलं की कोणीही ओळखायचं. फॅन आर्ट हा शब्द तेव्हा माहीत नव्हता. बाईंनी त्याला "वही खराब करणं" असा शुद्ध मराठी प्रतिशब्द दिला होता.

प्रतिसाद

चक्रम लिहा आणि मोकळ्या व्हा.

प्रतिसाद

चक्रम मित्राला म्हणावं, चित्राखाली लिहू नये.

गणितातला शब्द कोणी काढला नाही म्हणून सांगते : उत्केंद्री. लंबवर्तुळ शिकवताना आम्ही उत्केंद्रता म्हणतो, म्हणजे ते किती लांबट आहे याचं माप; शून्य असेल तर चक्क वर्तुळ. पृथ्वीच्या कक्षेची साधारण ०.०१७, हॅलेच्या धूमकेतूची ०.९६७. एक रोज ९:१२ ची लोकल पकडणारी, दुसरा ७५-७६ वर्षांनी उगवणारा पाहुणा. गंमत म्हणजे एक्सेंट्रिक ग्रीकमधून आला, 'केंद्राबाहेरचा' असा अर्थ, आणि आपल्या संस्कृतातलं 'केंद्र'ही ग्रीक 'केंट्रॉन'वरूनच आलेलं. म्हणजे उत्केंद्री हे भाषांतर कमी आणि चुलत भावाची भेट जास्त. अर्थात चित्राखाली लिहिलंत तर लोक सूत्र शोधतील.

प्रतिसाद

सगळे विशेषणाच्या मागे लागलेत, मला नामच खटकतंय. कोलंबो गुप्तहेर कुठे आहे? हेरणे म्हणजे नेमकं टिपणे, ते तो करतो. पण 'गुप्त' काही नाही त्यात. दारावर टकटक करून, ओळखपत्र दाखवून, तुमच्याच सोफ्यावर बसून तुमचा खून शोधतो. हेर म्हणा, तपासनीस म्हणा, गुप्तहेर नको.

आता विशेषण. माझ्या मते तो विक्षिप्तही नाही आणि तऱ्हेवाईकही नाही. तो वेड पांघरून पेडगावला जातो. खिशात पेन्सिल सापडत नाही, जुनी प्यूजो ४०३ गाडी धुरकटत येते, कुत्र्याचं नाव नुसतं 'डॉग', आणि कधीही न दिसणाऱ्या बायकोच्या गोष्टी संपत नाहीत. समोरचा श्रीमंत, शिकलेला खुनी मनात म्हणतो, हे येरागबाळं मला काय पकडणार! तिथेच तो फसतो. यातलं सोंग किती आणि स्वभाव किती, ते मालिका शेवटपर्यंत सांगत नाही, आणि तेच मला आवडतं. करमचंदचं गाजर काढून घेतलं तरी तो हुशारच दिसेल. कोलंबोचा गबाळेपणा काढून घेतला तर खुनी सावध होईल.

चित्राबद्दल एक. फॉकचा उजवा डोळा तीन वर्षांचा असताना काढावा लागला होता, तो कृत्रिम होता. दोन्ही डोळे सारखे जिवंत रंगवलेत तर चेहरा गोड दिसेल, कोलंबो दिसणार नाही. रेनकोटही फॉकचा स्वतःचाच होता. आणि तो स्वतः चित्रकार होता, कोळशानं फार छान रेखाटायचा. त्याच्या चाहत्यांच्या हाती ब्रश आला तर नवल नाही. बुडापेस्टमध्ये तर २०१४ साली फॉक मिक्शा रस्त्यावर कोलंबोचा पुतळाच उभा राहिला. डोकं खाजवतोय, पायाशी कुत्रा.

प्रतिसाद

येरागबाळ्याला +१.

फॅन आर्टसाठी 'चाहत्याचं चित्र' लिहू नका. षष्ठी घोटाळा करते, चित्र चाहत्यानं काढलेलं की चाहत्याचंच, कळत नाही. 'चाहतेचित्र' जोडून केला तर बरा, पण जिभेवर बसत नाही. 'पंखाचित्र' हा विनोद मी करणार नाही. (केला.) फॅन हा शब्द फॅनॅटिकवरून आणि तो लॅटिनमधल्या देवळाच्या शब्दावरून आलाय. त्या हिशेबानं 'भक्तिचित्र' जवळचं, पण हल्ली 'भक्त' म्हटलं की धागा भलतीकडे जातो. फॅन आर्टच राहू द्या.

प्रश्नकर्ती

सगळ्यांचे आभार. उजवा डोळा पुसून परत रंगवला, आणि खरंच तो एकदम ओळखीचा झाला. 'गुप्तहेर' काढलं, 'विक्षिप्त'ही काढलं. खाली एकच शब्द लिहिणार आहे : येरागबाळा. सासूबाईंना दाखवलं, त्या म्हणाल्या, "आता पटलं, समुद्र नको."

हं, अजून एकच विचारायचं राहिलं. येरागबाळा जोडून लिहायचं की 'येरा गबाळा' असं तोडून?