न्यूयॉर्कचा खरा पिझ्झा: रांगेतला की कोपऱ्यावरचा?

कोपऱ्यावरचा

काल इथल्या एका सभासदाने न्यूयॉर्कच्या चार दिवसांच्या मुक्कामावर लिहिलं. लेख वाचनीय आहे, पण मधेच हे वाक्य: "न्यूयॉर्कचा खरा पिझ्झा म्हणजे कोळशाच्या भट्टीतला. गल्लोगल्ली काचेमागे मांडलेले तुकडे म्हणजे शिळं गरम करून विकायचा धंदा." प्रतिसाद लिहायला घेतला, तो इतका लांबला की वेगळा धागा काढतोय. आगाऊपणाबद्दल क्षमस्व, पण फार नाही.

साहेब, वंशावळ आम्हालाही पाठ आहे. स्प्रिंग स्ट्रीटचं लोम्बार्डीज १९०५ चं, कोनी आयलंडचं टोटोनोज १९२४ चं, जॉन्स १९२९ चं. सगळे कोळशावाले, सगळ्यांना नमस्कार. पण हा पिझ्झा अख्खाच घ्यावा लागतो. म्हणजे चार माणसं जमवा, टेबल मिळवा, वाट बघा. कामावरून घरी निघालेल्या एकट्या माणसाने काय करायचं?

त्या माणसासाठी स्लाइस आली, म्हणजे सुटा विकला जाणारा तुकडा. १९३० च्या दशकात गॅसचे डेक ओव्हन (सपाट, दगडी तळाचे) आले आणि चित्र बदललं. कोळशाची भट्टी साधारण ९०० फॅरेनहाइटला धगधगते, हा ओव्हन साडेपाचशेच्या आसपास. पिझ्झा सावकाश भाजतो, तळ वाळतो, वर कमी पाण्याचं मोझरेला. तो तुकडा गार झाल्यावर पुन्हा दोन मिनिटं ओव्हनच्या तापल्या दगडावर टाकला की तळाला जो कुरकुरीतपणा येतो, तो पहिल्या भाजणीत नसतोच. तुम्ही ज्याला शिळं म्हणता ती दुसरी भाजणी आहे. कोळशावरचा तुकडा असा पुन्हा गरम करून बघा, चपलेचा तळ लागेल दाताला.

माझ्या कोपऱ्यावरचा माणूस मी दारात दिसलो की लाकडी फावडं उचलतो. बोलत नाही. तुकडा आत, दोन मिनिटं, बाहेर, कागदी ताटलीत. दुकानाबाहेर पडेपर्यंत ताटली तेलाने इतकी पारदर्शक होते की खालची बोटं दिसतात. स्लाइस मधोमध दुमडायची, टोक खाली करायचं, पहिला थेंब मनगटावरून बाहीत. बावीस वर्षांत माझ्या एकाही शर्टाची उजवी बाही स्वच्छ राहिलेली नाही.

हा या शहराचा पिझ्झा. स्लाइसची किंमत आणि सबवेचं तिकीट अनेक वर्षं बरोबरीने चढायची, हे इथल्या लोकांनी १९८० सालीच टिपून ठेवलंय. कोळशाच्या पिझ्झ्याबद्दल असं कुणी काही टिपलं का?

चार दिवसांचा पाहुणा

तो लेख माझाच. नाव न घेता माझ्यावर धागा काढल्याबद्दल आभार. मी "धंदा" हा शब्द वापरला, तो जरा जास्त झाला असेल. पण मी तीन ठिकाणी स्लाइस खाल्ली. तिन्हीकडे पुठ्ठा. एके ठिकाणी वरचं चीज एका तुकड्यात सोलून निघालं, खाली पांढरा, ओला मैदा. तुमचा कोपरा चांगला असेल, पण पाहुण्याला तो कोपरा कसा कळणार? कोळशाच्या ठिकाणी निदान काय मिळेल ते माहीत असतं. आणि दोन तास रांगेत उभं राहून जे खाल्लं ते विसरणार नाही. काळे डाग पडलेली कड, आतून मऊ, टोमॅटोला टोमॅटोची चव.

तिरकस

दोन तास उपाशी ठेवल्यावर मलाही पुठ्ठा गोड लागेल.

हडसनपार

न्यूयॉर्क, न्यूयॉर्क, न्यूयॉर्क. हडसन नदीच्या पलीकडे न्यू जर्सीतही माणसं राहतात याची इथे कुणाला दखल नाही. ट्रेंटनला १९१२ साली पापाज टोमॅटो पाय हे दुकान निघालं, २०१३ पासून ते जवळच रॉबिन्सव्हिलला आहे. आधी चीज, वरून टोमॅटो. तुमचं ते १९०५ चं लोम्बार्डीज १९८४ ला बंद पडलं आणि १९९४ ला त्याच रस्त्यावर दुसऱ्या जागी उघडलं. मग सलग चालू असलेलं जुनं कोण? पण नाही, जर्सी म्हटलं की तुम्हाला फक्त टोल आणि विमानतळ आठवतो. एकवीस वर्षं हेच ऐकतोय. मुलीच्या बारशाला न्यूयॉर्कहून एक माणूस आला नाही, म्हणे "फार लांब पडतं". वीस मिनिटांची पाथ ट्रेन!

तिरकस

बारशाचा राग पिझ्झ्यावर काढू नये.

निव्वळ शाकाहारी

मूळ विषयावर मला बोलायचं नाही, पण एक प्रश्न इथे कुणालाच कसा पडत नाही? वरून जे किसलेलं चीज भुरभुरतात ते कशाने विरजलेलं असतं ठाऊक आहे? पार्मिजानो रेज्जानो नियमानेच वासराच्या जठरातल्या रेनेटने करावं लागतं. पेकोरिनो रोमानो कोकराच्या. मी दर वेळी काउंटरवर विचारतो. परवा एकाने मला "चीज इज चीज" एवढंच सांगून पुढच्या गिऱ्हाइकाला हात केला. आणि आपली माणसं वर्षानुवर्षं "प्लेन चीज स्लाइस, एकदम व्हेज" म्हणून चतुर्थीला खातायत.

कोपऱ्यावरचा

इथल्या बऱ्याचशा मोझरेलात सूक्ष्मजीवांपासून केलेलं रेनेट असतं. वरची भुरभुर नको म्हणून सांगा, विषय संपला. आता मूळ मुद्द्यावर येऊ या का?

नाठाळ

मूळ मुद्दा कोळसाही नाही आणि गॅसही नाही. मूळ मुद्दा पाणी. न्यूयॉर्कच्या पाण्याशिवाय हा पिझ्झा होत नाही, हे इथला कुठलाही म्हातारा इटालियन सांगेल. माझे शेजारी फ्लोरिडाला गेले तेव्हा गाडीत चार पिंपं नळाचं पाणी भरून नेलं. उगाच नेलं असेल का?

पाववाली

हो, उगाच नेलं.

मी टेक्सासमध्ये राहते, तेरा वर्षं घरी पाव आणि पिझ्झा करते. दिराला सांगून ब्रुकलिनहून दोन बाटल्या पाणी मागवलं. एक कणीक त्या पाण्यात, एक आमच्या जड, म्हणजे जास्त क्षारांच्या पाण्यात. बाकी सगळं ग्रॅमवर मोजून सारखं. नऊ जणांना खाऊ घातलं, कुणाला सांगितलं नाही कुठला कुठला. पाच जण एकीकडे, चार दुसरीकडे. दीर स्वतः टेक्सासच्या पाण्याला "वा, हाच तो!" म्हणाला.

उलट हलक्या पाण्यात कणीक सैल आणि चिकट होते. पाण्यात थोडेफार क्षार असले की ती धरून राहते. फरक पडतो तो पिठाने. स्लाइसवाले साधारण १४ टक्के प्रथिनांचं पीठ घेतात, घरी आपण साधा मैदा घेतो आणि पाण्याला दोष देतो. दुसरं म्हणजे दोन-तीन दिवस फ्रिजमध्ये मुरवलेली कणीक. तिसरं कुणी बोलत नाही ते पोटॅशियम ब्रोमेट. पीठ ताणायला घालतात. युरोपात बंद, भारतात २०१६ ला बंद, कॅलिफोर्नियात २०२७ पासून बंद. आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानातली पिठाची गोणी कधी वाचली आहे का?

नाठाळ

नऊ माणसांचा प्रयोग! नोबेल समितीला कळवा. आणि टेक्सासमध्ये बसून न्यूयॉर्कच्या पिझ्झ्याचा निवाडा करायचा म्हणजे पोहायला न उतरता काठावरून सूचना देण्यासारखं आहे.

पाववाली

नऊ माणसं कमी, आणि तुमचा फ्लोरिडाचा एक शेजारी पुरे? छान. इथे स्वयंपाकघरातून बोलणाऱ्या बाईला "काठावर" म्हणणारे तुम्ही स्वतः शेवटची कणीक कधी मळलीत ते लिहा. मग पुढे बोलू.

नाठाळ

बाई-पुरुष कुठून आलं यात? मी "बाई" हा शब्दही लिहिलेला नाही.

नळकोंडाळं

माझं पोट पाण्यावर आहे (जलवाहिन्यांचा अभियंता), म्हणून चार शब्द. शहराचं सुमारे ९० टक्के पाणी कॅट्सकिल आणि डेलावेअर खोऱ्यांतून येतं, काही ठिकाणी २०० किलोमीटरवरून, बहुतांश उताराने, पंपाशिवाय. या पाण्याला क्लोरीन आणि अतिनील किरण देतात, पण ते गाळत नाहीत. एवढ्या मोठ्या शहराला न गाळलेलं पाणी प्यायची परवानगी ही अमेरिकेत दुर्मीळ गोष्ट. उरलेलं क्रोटनचं पाणी २०१५ पासून ब्रॉन्क्समध्ये गाळलं जातं. पाणी हलकं आहे हे खरं. पिझ्झ्यात त्याने काय होतं ते पाववाली ताईंना जास्त कळतं.

आणि हो, गाळत नसल्यामुळे त्यात कोपेपॉड असतात. कोळंबीच्या लांबच्या नात्यातले कवचधारी जीव, मिलिमीटर-दीड मिलिमीटरचे. अपायकारक अजिबात नाहीत.

निव्वळ शाकाहारी

काय असतात?

नळकोंडाळं

कोपेपॉड. २००४ साली ब्रुकलिनच्या सनातनी ज्यू लोकांत यावरून मोठा वाद झाला, कारण कवचधारी प्राणी त्यांना वर्ज्य. कित्येकांनी घरी आणि हॉटेलांत गाळण्या बसवल्या.

निव्वळ शाकाहारी

म्हणजे अकरा वर्षं मी चीजची चौकशी करतोय आणि सकाळी उठून पेलाभर पाण्यातून कोळंबी पितोय?

तिरकस

हा धागा आता वाचनखूण म्हणून साठवत आहे.

हडसनपार

जर्सीचं पाणी गाळलेलं असतं. नोंद घ्यावी.

निव्वळ शाकाहारी

हसण्यावारी नेऊ नका. कणकेत निम्म्याहून जास्त पाणी असतं ना? मग ज्याला "व्हेज" म्हणून विकतात त्यात...

पाववाली

पिठाच्या साठेक टक्के पाणी घालतात. आणि ज्या ओव्हनमध्ये ते जातं तिथून काही जिवंत बाहेर येत नाही. पण तुमचा आक्षेप जिवंत-मेलेल्याचा नाही हे समजतं. गाळणी बसवा. माझ्या सासूबाई नळाला पंचा बांधायच्या, तेच.

कोपऱ्यावरचा

मी स्लाइसबद्दल लिहिलं होतं. स्लाइस. आठवतंय का कुणाला?

दीड डॉलर

मला आठवतंय, कारण दोन वर्षं मी तेच खाल्लं. धागाकर्त्यांचं बाहीतल्या तेलाचं वर्णन वाचून राग आला, स्पष्टच सांगतो. २००८ च्या मंदीनंतर डॉलर स्लाइसची दुकानं गल्लोगल्ली निघाली होती, तेव्हा मी विद्यार्थी होतो. दुपारी एक, रात्री दोन. लायब्ररी बंद झाली की उभ्या उभ्या खायचं, बसायला जागा नसायची. लाल मिरचीची भुकटी आणि लसणाची भुकटी फुकट म्हणून इतकी टाकायची की तोंड सोलायचं. चीज म्हणजे रंग. पहिल्या सेमिस्टरच्या शेवटी हिरड्यांतून रक्त यायला लागलं. डॉक्टरने विचारलं, भाजी कधी खाल्लीस? मी म्हणालो, टोमॅटो रोज. आज स्लाइसचा वास आला तरी मी रस्ता ओलांडतो. "एकट्या माणसाचा पिझ्झा" वगैरे लिहायला खिशात पैसे असावे लागतात.

कोपऱ्यावरचा

डॉलर स्लाइस आणि कोपऱ्यावरची स्लाइस एक नव्हेत, हे मी लिहायला हवं होतं. पाहुण्यांनी जे तीन पुठ्ठे खाल्ले ते बहुधा त्यातलेच. पण तुमच्या प्रतिसादावर ही दुरुस्ती फार कोती वाटते. वाईट वाटलं वाचून. तरी एक विचारतो, त्या दोन वर्षांत ती दुकानं नसती तर रात्री बाराला काय खाल्लं असतं?

दीड डॉलर

काहीच नाही. माहीत आहे मला. म्हणूनच चिडचिड होते.

चार दिवसांचा पाहुणा

"बहुधा त्यातलेच" नाही. दोन ठिकाणी साडेतीन डॉलरच्या वर दिले. पण दुसरी भाजणी हा मुद्दा पटला, कारण तिसऱ्या ठिकाणी गर्दी होती म्हणून तुकडा गरम न करताच हातात दिला होता. तेव्हा मला वाटलं तशीच पद्धत असेल. काटा-सुरी मागितली, तर काउंटरवरचा हसला.

ब्रुकलिनकर

काटा-सुरी! २०१४ साली महापौर दे ब्लासिओंनी स्टेटन आयलंडला काट्याने पिझ्झा खाल्ला, तेव्हा शहराने त्यांना सोडलं नाही. तुम्ही स्वस्तात सुटलात.

कोळसा विरुद्ध गॅस यावर एवढं रामायण झालं आणि ब्रुकलिनमधल्या मिडवुडच्या दि फारा या दुकानाचं नाव एकाने काढलं नाही? १९६५ पासून ॲव्हेन्यू जे वर. गॅसचा ओव्हन, स्लाइसही मिळते, आणि रांगही लागते. म्हणजे तुम्हा दोघांचीही गोची. त्याचे मालक दॉम देमार्को २०२२ ला गेले. मी पाहिलंय त्यांना: पाठीत वाकलेले, ओव्हनमधला पिझ्झा उघड्या बोटांनी सरकवायचे, मग तुळशीच्या जातीतल्या त्या बेसिलची जुडी डाव्या हातात धरून कात्रीने थेट पिझ्झ्यावर कातरायचे. समोर तीस माणसं ताटकळलेली, त्यांची कात्री त्यांच्याच गतीने. पाऊण तास उभा होतो, कुणी कुरकुरलं नाही.

कोपऱ्यावरचा

पाऊण तास थांबून घेतलेल्या स्लाइसला मी स्लाइस मानत नाही. (हो, मीही थांबलोय. दोनदा.)

चार दिवसांचा पाहुणा

ऑक्टोबरमध्ये पुन्हा येतोय. कोपरा दाखवणार का? नुसतं लिहून चालणार नाही.

कोपऱ्यावरचा

दाखवतो. रविवारी या. आधी माझा कोपरा, मग हवं तर ॲव्हेन्यू जे. रविवारी सबवेची बी गाडी चालत नाही, क्यू घ्या. आणि पांढरा शर्ट नको.

हडसनपार

मी येऊ का? मला फार लांब पडत नाही.

निव्वळ शाकाहारी

गाळणी कुठली घेतली कुणी? छिद्रं किती मायक्रॉनची?