आधी एमआरआय, मग सुई

रक्तातला पीएसए (पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणारं प्रथिन; ते वाढलं की तिथल्या कॅन्सरची शंका येते) वाढलेला दिसला की लगेच बायोप्सी, म्हणजे सुईने तुकडा काढून तपासणी, करून मोकळं व्हावं, असं काही जण म्हणतात. त्यात थोडी भर घालतो: सुईआधी एमआरआय करावा. जुन्या पद्धतीत सोनोग्राफीच्या आधाराने ग्रंथीतून ठरावीक दहा-बारा जागचे तुकडे घेत. संशयाची जागा नेमकी कुठे, हे बहुधा ठाऊकच नसायचं. ब्रिटनमधल्या प्रॉमिस अभ्यासात (२०१७) ५७६ पुरुषांवर एमआरआय आणि ही जुनी बायोप्सी अशा दोन्ही तपासण्या करून पाहिल्या. दखल घ्यावी असा कॅन्सर ज्यांना होता, त्यांपैकी ९३ टक्के जणांत तो एमआरआयने हेरला, त्या बायोप्सीने जेमतेम ४८ टक्के जणांत!

मात्र एमआरआय जरा संशयखोर आहे बरं का. प्रोस्टेटची साधी सूजही त्याला कधीकधी कॅन्सरसारखी दिसते. एमआरआयच्या रिपोर्टवर पायरॅड्स नावाचा १ ते ५ आकडा असतो, तो म्हणजे संशय किती दाट, एवढंच, स्टेज नव्हे. रिपोर्टवर ४ वाचून घरचे 'चौथी स्टेज' समजतात आणि उगाच हादरतात. निदान तुकडा तपासूनच होतं. उलट आकडा १-२ आला तरी वडील-भावाला हा आजार झालेला असेल तर डॉक्टर बायोप्सी सुचवू शकतात.

आणि क्रम महत्त्वाचा. बायोप्सीनंतर आत रक्त साकळून चित्र गढूळ येतं, मग एमआरआयसाठी काही आठवडे थांबावं लागतं.