मदत हवी आहे : मनगटाचा ॲडजस्टेबल स्प्लिंट सरकतो, कोन टिकत नाही

तिरपा_स्क्रू
पुन्हा वापरता येईल असा मनगटाचा स्प्लिंट (हात ठरावीक कोनात धरून ठेवणारा आधार) बनवतोय. तीन मापं, दोन्ही बाजूंना बिजागरी, नॉब सैल करून कोन बदलायचा. दोन अडचणी आहेत. घातल्यावर तासाभरात स्प्लिंट सरकतो. आणि नॉब कितीही आवळला तरी मूठ वळली की कोन घसरतो. फोम बदलून झाला, रुंद पट्टे लावून झाले. 'डॉक्टरांना विचारा' नको, काम तिकडूनच आलंय. कोणता नॉब वापरायचा तेवढं सांगा. घाई आहे.

करंगळी
कशासाठी आहे? कार्पल टनेलला (मनगटात नस दबते तो त्रास) मनगट सरळ, शून्याच्या आसपास ठेवतात. साध्या कॉक-अपला, म्हणजे मनगट मागे वाकवून धरणाऱ्या स्प्लिंटला, १५ ते ३० अंश मागे. सरकतो म्हणजे बोटांकडे की कोपराकडे? पट्टे किती, कुठे? मटेरियल?

गरम_पाणी
थ्रीडी प्रिंटिंगचा नाद सोडा. लो टेम्परेचर थर्मोप्लास्टिकची ३.२ मिमी शीट घ्या, ६५ ते ७० अंशांच्या पाण्यात मऊ करा, पुसून हातावर बसवा. ३ ते ५ मिनिटं मिळतात. मनगटाच्या हाडाच्या उंचवट्यावर आधी पुट्टीची गोळी ठेवून त्यावर शीट बसवा, म्हणजे तिथे खळगा राहतो. कोन बदलायचा तर परत गरम करा. बिजागरीच नको.

तिरपा_स्क्रू
प्रिंट केलंय असं मी कुठे लिहिलंय?

गरम_पाणी
नॉब म्हटलं की कळतं. नाहीये का प्रिंट?

तिरपा_स्क्रू
आहे. पीईटीजी प्लास्टिक, ३ मिमी. फ्रॅक्चरचं प्लास्टर निघाल्यावर वापरायचा, ० ते ३० अंश. बोटांकडे सरकतो. पट्टे दोन, एक तळव्यावर, एक कोपराजवळ. नॉबचं कोणी बोलेल का?

दातेरी_चक्र
नॉबचंच बोलतो. सपाट प्लास्टिकवर सपाट प्लास्टिक आवळून कोन धरायचा हीच गफलत आहे. हिशेब करा. तळव्यावर ५० न्यूटन, अक्षापासून ८ सेंमी अंतर, म्हणजे ४ न्यूटन-मीटर. हाताने आवळून ५०० न्यूटन दाब आला असं धरा, घर्षणांक ०.२५, त्रिज्या १० मिमी, एका बाजूला १.२५ आणि दोन्ही मिळून २.५. पहिल्या मिनिटालाच कमी पडतोय. त्यात दाबाखालचं प्लास्टिक हळूहळू बसत जातं, मग आवळलेला बोल्ट आपोआप ढिला. मोठा नॉब लावलात तर प्लास्टिक आणखी लवकर बसेल.

समोरासमोर दाते करा. २५ मिमी व्यासाच्या चकतीवर ३६ दाते म्हणजे १० अंशांची पायरी, कडेला दात साधारण २.२ मिमी रुंद, प्रिंटरच्या ०.४ मिमी नोझलने नीट येतो. चकती आडवी ठेवून, दाते वर करून छापा. एम-५ बोल्ट, नटासाठी षटकोनी खाच, डोक्याखाली स्टीलचा रुंद वॉशर. बोल्टाने फक्त दाते एकत्र धरायचे, भार दात घेतात. दोन्ही बाजूंना ०-१०-२०-३० कोरून ठेवा. एक बाजू एक दात पुढे बसली तर फ्रेम पिळते आणि हात कडेला वळतो, चटकन लक्षातही येत नाही.

करंगळी
दाते कराच, पण सरकण्याचं काय? नॉब बदलणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. मनगटावर पट्टा का नाही?

तिरपा_स्क्रू
तिथे बिजागरी आहे.

करंगळी
मग तेच दुखणं. असा स्प्लिंट तीन ठिकाणच्या दाबावर उभा असतो: खालून तळवा, खालून कोपराकडचं टोक, आणि वरून मनगट. वरचा दाब काढलात की हात आत तरंगतो. शिवाय हात मनगटाकडे निमुळता, त्यावर सरळ पट्टा एकाच कडेवर टेकतो. तो थोडा तिरका लावा.

दुसरं, अक्ष. मनगट फिरतं ते मधल्या कॅपिटेट हाडाच्या डोक्याभोवती, बाहेरून पाहिलं तर अंगठ्याकडच्या हाडाच्या टोकाच्या किंचित पुढे. तुमचा बोल्ट १५ मिमी मागे असेल तर ३० अंशांत फ्रेम आणि हात यांत जवळपास ८ मिमी फरक पडतो. तो कातडीवर घासून निघतो.

तिसरं, तळव्याची पाटी पुढच्या आडव्या रेषेच्या अलीकडे संपते का? बोटांचे मूळ सांधे ९० अंश वाकले पाहिजेत. पाटी पुढे गेली असेल तर प्रत्येक मुठीला बोटं पाटीलाच रेटतात. मूठ वळल्यावरच कोन घसरतो म्हणालात, त्यावरून शंका येतेय. अंगठ्याच्या बुडाची रेषाही मोकळी ठेवा.

सरळ_बोट
मॅलेट फिंगरसाठी (बोटाचं टोक वाकतं, आपोआप सरळ होत नाही) बोटाचं टोक सरळ ठेवून ६ ते ८ आठवडे सलग स्प्लिंट लागतो. मध्ये एकदा टोक वाकलं की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. बदलताना टोक टेबलावर टेकवून धरा.

दातेरी_चक्र
@सरळ_बोट, माहिती चांगली, पण इथे मनगट चाललंय.

पत्रा_पट्टी
एवढा खटाटोप कशाला? कापडी पट्ट्यात खिसा शिवा, आत २ मिमी ॲल्युमिनियमची पट्टी, हवी तशी वाकवा.

दातेरी_चक्र
आणि वारंवार त्याच जागी वाकवली की कडक होऊन तडकते. शिवाय एक्स-रेत आडवी येते, फ्रॅक्चरनंतर ते नको.

पत्रा_पट्टी
धारेवर वाकवली तर तडकेल. गोल दांड्यावर वाकवा. तुमचे स्टीलचे वॉशर काय एक्स-रेत अदृश्य होतात? पट्टी निदान उपसून काढता येते.

गरम_पाणी
पुन्हा वापर म्हणजे त्याच माणसाला की दुसऱ्याला? दुसऱ्याला असेल तर प्रिंटच्या थरांमधली घाण कशी काढणार?

तिरपा_स्क्रू
दुसऱ्याला. ऑटोक्लेव्ह करू, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक.

गरम_पाणी
१२१ अंशांत? पीईटीजी ८० च्या आसपासच मऊ होतं. बाहेर काढाल तेव्हा फ्रेम ओळखू येणार नाही.

करंगळी
फ्रेम साबण-पाण्याने धुवा, वाळवा, मग ७० टक्के अल्कोहोलने पुसा. क्रम उलटा नको, मळावर अल्कोहोल फुकट जातं. लायनर (आतलं अस्तर) ३ मिमी बंद पेशींचा, पाणी न शोषणारा ईव्हीए फोम, निघणारा, प्रत्येकाचा वेगळा. पट्टेही नवे. आणि सूज असताना पूर्ण गोल आवळणारं डिझाइन नको. काढल्यावर २० मिनिटांत लाली गेली नाही तर तिथे दाब येतोय. मुंग्या आल्या, बोटं निळसर दिसली तर लगेच सैल करायचं, हे स्प्लिंटवरच छापा.

तिरपा_स्क्रू
पाटी मोजली. रेषेच्या १२ मिमी पुढे आहे. कापतो. दाते करतो. करंगळीकडची बिजागरी काढून तिथून मनगटाचा पट्टा नेला तर?

दातेरी_चक्र
एका बाजूची बिजागरी पिळते. दोन्ही ठेवा, बोल्टाचं डोकं चपटं करून पट्टा वरून न्या. फ्रेमच्या कडेला मागे खाच द्या, ५० मिमीचा पट्टा बसतो.

पत्रा_पट्टी
अवांतर : वेल्क्रोची खरखरीत बाजू फ्रेमवर की पट्ट्यावर?

करंगळी
फ्रेमवर, कोपरे गोल कापून, आणि मऊ पट्ट्याखाली पूर्ण झाकली जाईल एवढीच. उघडी राहिली की बाहीचे धागे ओढते. तंतू भरले तर जुन्या टूथब्रशने काढा.

गरम_पाणी
थर्मोप्लास्टिकवर चिकटवायची तर आधी तो भाग खरवडून थोडा गरम करा, नाहीतर सोलून निघते.

दातेरी_चक्र
त्याचं प्रिंट आहे हो.