शौलाने राखलेली जनावरं यज्ञाला चालली असती का?

कोरांटी: बायबलमधलं १ शमुवेल हे पुस्तक, अध्याय १५. इस्राएलचा राजा शौल याला शत्रू अमालेकी टोळीची माणसं, गुरं, मेंढरं, सगळं ‘हेरेम’, म्हणजे परमेश्वराला कायमचं वाहिलेलं, असा हुकूम होता. शौलाने अमालेक्यांचा राजा अगाग आणि धष्टपुष्ट जनावरं राखली. संदेष्टा शमुवेलाने जाब विचारल्यावर शौल म्हणाला, गिलगाल या ठिकाणी परमेश्वरासाठी यज्ञ करायला आणलीत. हा बहाणा होता असं म्हणून विषय मिटवला जातो. माझं म्हणणं, तो खरं बोलत असला तरी चूकच. शांत्यर्पणाच्या बळीची चरबी वेदीवर जाते, ऊर आणि उजवी मांडी याजकांकडे, उरलेलं मांस यजमान आणि त्याची माणसं खातात (बायबलमधलंच लेवीय हे पुस्तक, अध्याय ७). म्हणजे सैन्याची मेजवानी, तीही देवाच्या मालावर! साधा नवस फेडताना सवलत असते: अशुद्ध जनावर किमतीवर पाचवा हिस्सा चढवून सोडवता येतं. हेरेम ना विकता येतं, ना सोडवता (लेवीय २७:२८). जे आधीच देवाचं, ते तुम्ही त्याला काय वाहणार?

गारगोटी: मालकीचा हा कायदा तुम्ही शौलावर लादताय. हेरेमची व्याप्ती दर वेळी हुकुमानुसार बदलते. सीहोन राजाच्या मुलखात माणसं हेरेम, गुरं मात्र लूट म्हणून घेतली (बायबलमधलं ‘अनुवाद’ हे पुस्तक, अध्याय २). आय शहरातही लुटीची उघड परवानगी होती. यरीहो शहरात सोनं, चांदी, तांब्या-लोखंडाची भांडी नष्ट न करता परमेश्वराच्या भांडारात गेली. मग वस्तूत मुळात असं काय आहे? काहीच नाही. शमुवेलही मालकीबद्दल अवाक्षर काढत नाही. ‘यज्ञापेक्षा आज्ञा पाळणं बरं’, हा त्याचा आरोप. आणि शौलाला संपूर्ण होमार्पण करायचं असेल तर? त्यात सगळं जनावर जाळतात, मांस कोणी खात नाही.

कोरांटी: १५ आणि २१ या वचनांत शौल वापरतो ते क्रियापद खाण्याच्या यज्ञाचं आहे. होमार्पणाचं नाव शमुवेल काढतो, तेही सगळ्या प्रकारच्या यज्ञांबद्दल बोलताना. २१ मध्ये शौल त्याच जनावरांना ‘हेरेममधलं उत्तम’ म्हणतो. त्यांचा दर्जा त्याला ठाऊक होता. यरीहोचं भांडार तर माझ्याच बाजूने बोलतं. माल जळो नाहीतर भांडारात जावो, लोकांच्या हाती परत येत नाही.

सांजवात: दोघांनाही आखान हा इस्राएली अडचणीचा आहे. त्याने यरीहोच्या हेरेम मालातून शिनारचा झगा, २०० शेकेल (वजनाचं माप) चांदी आणि ५० शेकेलांची सोन्याची वीट लपवली. हा निव्वळ मालकीचा प्रश्न असता तर धातू भांडारात जमा करून प्रकरण मिटलं असतं. देवाच्या पवित्र वस्तूंचा नकळत अपहार झाला तर लेवीय ५ मध्ये उपाय आहे: भरपाई, वर पाचवा हिस्सा आणि दोषार्पणाचा मेंढा. आखानने जाणूनबुजून घेतलं होतं, पण मग शिक्षा त्याच्यापुरतीच हवी. इथे मुलंबाळं, गुरं आणि ती चांदीसुद्धा त्याच्याबरोबर जाळली. अनुवाद ७:२६ सांगतं की हेरेम घरात आणणारा स्वतःच हेरेम होतो. हा संसर्ग आहे, कर्जाची थकबाकी नव्हे. आणि हे एकट्या इस्राएलचं नाही. मवाबचा राजा मेशा आपल्या शिलालेखात (इ.स.पू. नववं शतक) हेरेमचंच क्रियापद वापरतो: नबो हे गाव घेतलं, ७००० जणांना मारून अश्तार-कमोश या देवतेला वाहिलं. लेवीय २७ हा याजकांचा नंतरचा हिशेब, तो शौलाच्या काळात जसाच्या तसा नेऊ नका.

गारगोटी: संसर्ग मान्य, पण मग शौल सुटतो कसा? राज्य गेलं, जीव नाही. आणि अगागला शमुवेलाने गिलगालमध्येच, परमेश्वरासमोर कापलं. देवासमोर नेऊन मारणं हाच दोष असेल तर हे कसं चाललं?

कोरांटी: नेण्यात दोष नव्हताच. अगागचं मांस कोणी खाणार नव्हतं.