जुन्या कार्टून शॉर्ट्सचं कौतुक म्हणजे नुसतं मिरवणं?

कोथरूडकर: काल इथेच एकाने लिहिलं की कुणी न पाहिलेल्या जुन्या अ‍ॅनिमेशन शॉर्ट्सचं, म्हणजे छोट्या फिल्म्सचं, कौतुक म्हणजे नुसतं मिरवणं, त्यात ना गोष्ट ना धड हालचाल. राहवत नाही म्हणून लिहितोय. कॅनडाचा अ‍ॅनिमेशनकार नॉर्मन मॅक्लारेन, त्याची 'अ चेअरी टेल' (१९५७) बघा. माणूस खुर्चीवर बसायला जातो, खुर्ची बसू देत नाही. पळापळ, झटापट. संवाद एकही नाही. रविशंकरांची सतार, चतुरलालांचा तबला. शेवटी तो आधी खुर्चीला स्वतःवर बसवून घेतो, तेव्हा कुठे ती त्याला बसू देते. दहा मिनिटांत मानापमानाचं अख्खं नाटक! गोष्ट नाही म्हणे.

पेठेतला: मीच लिहिलं होतं आणि मागे घेणार नाही. ही चांगली आहे, मान्य. पण ती ऑस्कर नामांकनापर्यंत गेलेली, दुर्मीळ कसली? आमच्या वेळी टॉकीजमध्ये सिनेमाआधी सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनच्या फिल्म्स सक्तीने दाखवायचे. पब्लिक बाहेर वडे खात उभं असायचं.

डेक्कनकर: वडे खाणाऱ्यांचं नुकसान. त्याच फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात १९५६ मध्ये डिस्नेचे अ‍ॅनिमेटर क्लेअर वीक्स शिकवायला आले, आपले नामवंत अ‍ॅनिमेटर राम मोहन तिथेच घडले. माझे वडील टॉकीजमध्ये ऑपरेटर. कार्टून लागलं की केबिनच्या झरोक्यातून मला बघू द्यायचे.

रीळवेडा: मला राग येतो तो जुन्या कार्टून्सच्या यूट्यूबवरच्या '६० फ्रेम्स' आवृत्त्यांचा, सॉफ्टवेअरने सेकंदाला ६० फ्रेम्स करून गुळगुळीत केलेल्या. मुळात सेकंदाला २४ फ्रेम्स, बहुतेकदा एक चित्र दोन फ्रेम्स धरायचं, म्हणजे १२ चित्रं. उडी मारण्याआधी मांजर क्षणभर थिजतं, हसू तिथे येतं. सॉफ्टवेअर मध्ये स्वतःची चित्रं कोंबतं. तो क्षणभराचा थांबा गायब, पंजाच्या रेषा फिस्कटलेल्या.

पेठेतला: माझी मुलगी तीच आवृत्ती आवडीने बघते. निदान बघते तरी.

रीळवेडा: हे 'निदान' डोक्यात जातं! चित्रकाराने मोजूनमापून ठेवलेला थांबा पुसायचा अधिकार कुणी दिला?

पेठेतला: आवाज चढवू नका. मूळ प्रत कुठल्या कपाटात आहे ते सांगा, दाखवतो तिला.

डेक्कनकर: कपाटंही जळतात हो. प्रभात फिल्म कंपनीने १९३४ मध्ये 'जंबूकाका' हे कार्टून केलं. प्रभातच्याच जुन्या आवारात, आताच्या एफटीआयआय या पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये, जानेवारी २००३ मध्ये नायट्रेट रिळांना, म्हणजे चटकन पेट घेणाऱ्या जुन्या फिल्मच्या रिळांना, आग लागली. केवढा ठेवा गेला! 'कोण बघतं' म्हणत राहिलो तर उरलेलंही जाईल.

पेठेतला: रिळं जपण्याला माझी ना नाही, तेवढं तुमचं खरं. मिरवण्याबद्दलचं मत मात्र तेच. ती खुर्चीवाली कुठे मिळेल?

कोथरूडकर: कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डाच्या साइटवर, फुकट. मोबाइलवर नको, टीव्हीवर लावा. आणि मुलीला आधी काही सांगू नका.