केवायसी करून घेतलेले बिटकॉइन रोजच्या खर्चाला वापरले तर कोणाला काय दिसतं?

प्रश्न
एक्स्चेंजला (क्रिप्टो खरेदी-विक्रीची कंपनी) ओळखपत्र आणि सेल्फी देऊन घेतलेले बिटकॉइन स्वतःच्या वॉलेटमध्ये काढले आहेत. त्यातून औषधं, पुस्तकं, देणगी असे किरकोळ खर्च करायचेत. सगळं कायदेशीर आहे, पण ते एक्स्चेंजला का दिसावं? दुकानदाराला माझी शिल्लक कळते का?

प्रतिसाद 1
बऱ्याचदा कळते. समजा, वॉलेटमधल्या एका पत्त्यावर (खातेक्रमांकासारखा आकडा) 0.05 बिटकॉइन आले आणि त्यातले 0.001 दुकानदाराला दिले. उरलेले सुमारे 0.049 फी वजा होऊन सुट्टे म्हणून तुमच्याच नव्या पत्त्यावर परत येतात. व्यवहार उघडला की दुकानदाराला दोन्ही रकमा दिसतात, आणि मोठी कोणाची हे लगेच लक्षात येतं. एक्स्चेंजकडे तुमचं नाव आणि तुम्ही पैसे काढलेला पहिला पत्ता असतो. तिथून पुढचा माग सार्वजनिक साखळीवर (ब्लॉकचेन, म्हणजे सगळ्या व्यवहारांची उघडी नोंदवही) कोणीही काढू शकतं. खरी गळती केवायसी आणि साखळी यांच्या जोडीतून होते.

प्रतिसाद 2
उपाय कॉइन कंट्रोल, म्हणजे कोणती नाणी खर्चायची ते स्वतः ठरवणं. स्पॅरो किंवा इलेक्ट्रम या वॉलेट अ‍ॅपमध्ये प्रत्येक जमा रकमेला लेबल द्या आणि खर्च करताना कोणती वापरायची ते स्वतः निवडा. एक्स्चेंजवरून काढतानाच खर्चाची छोटी रक्कम वेगळ्या पत्त्यावर घ्या. बचतीची आणि खर्चाची नाणी एका व्यवहारात कधीही एकत्र करू नका: दोन इनपुट (व्यवहारात खर्चाला घातलेल्या जमा रकमा) एकत्र आले की विश्लेषक दोन्हींचा मालक एकच धरतात, आणि ते नंतर पुसता येत नाही.

वारंवारच्या खर्चाला लाइटनिंग बरं, म्हणजे बिटकॉइनवरचं झटपट छोट्या देण्यांचं जाळं. त्यात पैसे गुंतवून दोघांमध्ये चॅनल उघडतात. चॅनल उघडल्याची नोंद साखळीवर राहते, आतली देणी राहत नाहीत. मात्र किल्ल्या (पैसे खर्च करायचे गुप्त कोड) कंपनीकडे असलेलं वॉलेट घेतलंत तर ती कंपनी सगळं पाहते.

प्रतिसाद 3
एक्स्चेंजवरून थेट दुकानदाराला पाठवू नका. एफएटीएफने (काळ्या पैशाविरुद्ध नियम ठरवणारी आंतरराष्ट्रीय संस्था) 2019 मध्ये ट्रॅव्हल रूल क्रिप्टो कंपन्यांना लागू केला. त्यानुसार पाठवणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं नाव रकमेसोबत समोरच्या कंपनीकडे जातं. युरोपीय संघात 30 डिसेंबर 2024 पासून कंपन्यांमधल्या व्यवहारांना किमान मर्यादाही नाही. स्वतःच्या वॉलेटला 1000 युरोंपेक्षा जास्त पाठवताना मालकी सिद्ध करावी लागते, उदाहरणार्थ वॉलेटच्या किल्लीने संदेशावर डिजिटल सही करून.

मिक्सरच्या (अनेकांची नाणी मिसळून माग पुसणारी सेवा) वाटेला जाऊ नका. तिथून आलेली नाणी एक्स्चेंजवर परत टाकली की खातं गोठू शकतं.

प्रश्नकर्ता
मग स्टेबलकॉइन (डॉलरसारख्या चलनाशी किंमत बांधलेली नाणी) वापरले तर?

प्रतिसाद 2
खाजगीपणासाठी त्याहून वाईट. बरीच स्टेबलकॉइन इथेरियम या दुसऱ्या साखळीवर चालतात, आणि तिथे सुट्ट्यांचा प्रकारच नाही. एकाच पत्त्यावर सगळी शिल्लक आणि सगळा इतिहास दिसतो. खर्चासाठी वेगळा पत्ता केलात तरी त्यात मुख्य पत्त्यावरून पैसे भरले, नुसतं गॅसपुरतं (व्यवहाराच्या फीपुरतं) इथर, म्हणजे इथेरियमचं स्वतःचं नाणं, जरी पाठवलं, तरी दोन्ही पत्ते जोडले जातात.